धुळीचे स्फटिक

कवडशात तरंगणारे धुळीचे कण लहानपणी आपण सगळ्यांनीच पाहिले आहेत. त्यांच्या नाचण्यात शिस्त अशी नसते. पण कमी दाबाचा वायू भरलेल्या पात्रात वीज खेळवली आणि त्यात अशीच बारीक धूळ सोडली, तर ती चक्क रांगा धरून उभी राहते! मी आयुष्यभर पदार्थविज्ञान शिकवले. तरी हे प्रथम वाचले तेव्हा मला ते खरे वाटले नव्हते.

या धुळीची पहिली ओळख झाली ती मात्र उपद्रव म्हणून. संगणकाच्या चिप अशाच विद्युतभारित वायूत, म्हणजे प्लाझ्मात, कोरल्या जातात. एक कण पडला तरी चिप वाया जाऊ शकते. कारखानदारांनी हवा गाळून घेतली, कामगारांना नखशिखान्त झाकले, तरी कण पडतच होते. १९८९च्या सुमारास आयबीएममधील गॅरी सेल्विन यांनी पात्रात लेझरचा झोत सोडून पाहिले आणि चोर घरातच सापडला. कण प्लाझ्मातच तयार होत, सिलिकॉनच्या चकतीवर अधांतरी राहत आणि वीज बंद केली की खाली पडत.

अधांतरी कसे? प्लाझ्मातले इलेक्ट्रॉन हलके आणि चपळ. जड आयनांच्या आधी तेच कणाला येऊन चिकटतात. काही मायक्रोमीटरच्या कणावर असे हजारो इलेक्ट्रॉन जमतात. खालच्या ऋण पट्टीजवळचे विद्युतक्षेत्र या ऋणभारित कणाला वर ढकलते, गुरुत्वाकर्षण खाली ओढते. दोन्ही जिथे जुळतात तिथे तो थांबतो. शेजारीही ऋणभारितच, म्हणून प्रत्येकजण दुसऱ्याला हातभर दूर ठेवतो. आपल्या लोकलच्या प्रवाशांना हे सुख कुठले!

१९९४मध्ये जर्मनी, तैवान आणि जपानमधल्या शास्त्रज्ञांनी याचे स्फटिक दाखवले. प्रत्येक कणाभोवती सहा शेजारी, दोघांत सुमारे पाव मिलिमीटर अंतर. मिठाच्या खड्यातल्या अणूंपेक्षा हे अंतर जवळजवळ दहा लाख पट मोठे, म्हणून साध्या कॅमेऱ्याने एकेक कण टिपता येतो. मला मोलाचे वाटते ते हेच. वायूचा दाब कमी केला की कणांना होणारा अडथळा घटतो, त्यांची चुळबुळ वाढते, रांगा मोडतात आणि स्फटिक वितळतो. घनाचा द्रव होताना एकेका कणाचे काय होते, हे आपण बसून पाहू शकतो.

जमिनीवर वजनामुळे या धुळीचे थोडेच थर उभे राहतात. म्हणून २००१मध्ये रशिया व जर्मनीने हा प्रयोग आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर नेला. वजन गेल्यावर धूळ सगळे पात्र भरून टाकील, असे कोणालाही वाटेल. पण मधोमध एक स्वच्छ पोकळी राहिली. बाहेरच्या दिशेने वाहणारे आयन, वाऱ्याने पाचोळा सरकावा तसे, कणांना कडेकडे नेत होते. पृथ्वीवर वजनापुढे हा वारा कोणाच्या फारसा लक्षातच येत नव्हता.