काजळीचा हिशेब

(पनवेल येथे महिला गटांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



लहानपणी माझं एक काम ठरलेलं होतं. भाताच्या टोपाचं बूड राखेनं घासायचं. शेजारी आई फुंकणीनं चूल फुंकत खोकत बसायची. पुढं खोकला बळावला तेव्हा दवाखान्यात तिला विचारलं, 'बिडी ओढता का?' चुलीबद्दल मात्र कुणीच विचारलं नाही.

टोपाच्या बुडाशी बसणाऱ्या त्याच काजळीला शास्त्रज्ञ 'ब्लॅक कार्बन' म्हणतात. लाकूड, गोवऱ्या, कोळसा, डिझेल पुरतं जळलं नाही की काजळी तयार होते. तिचे कण केसाच्या जाडीच्या शंभराव्या हिश्शाहूनही बारीक असतात. ते फुप्फुसात खोलवर जातात.

आपल्या पनवेलमध्ये ती कुठून येते? डोंगराकडच्या ठाकूर-कातकरी वाड्यांवर चुली आहेत. वीटभट्ट्या आहेत, तिथं राबणाऱ्या बायका मुलांसह भट्टीशेजारीच राहतात. कळंबोलीला ट्रक उभे असतात, न्हावा-शेवा बंदराचे ट्रेलर रात्रंदिवस धावतात. तळोज्याची औद्योगिक वसाहत आहे. पेटवलेला कचरा आहे. वाडीतली बाई टोप घासते आणि हायवेलगतच्या इमारतीतली बाई वाळत घातलेले कपडे पुन्हा धुते. दोघींच्या हाताला लागतं ते काळंच.

आता ही काजळी जाते कुठं? हिवाळ्यात पहाटे गार हवा जमिनीलगत बसते. वर उबदार हवेचा थर झाकणासारखा असतो. नेमकी तेव्हाच आपण चूल पेटवतो. धूर तिथंच कोंडतो. ऊन चढलं की झाकण सुटतं. दुपारी खाडीकडचा वारा तो धूर डोंगराकडे नेतो, रात्री वारा उलटा फिरतो. हिवाळ्यातले मोठे वारे मात्र ईशान्येकडून समुद्राकडे वाहतात. पाऊस नसला की काजळी आठवडाभरही हवेत राहते आणि शेकडो मैल जाते.

१९९९ साली 'इंडोएक्स' या आंतरराष्ट्रीय मोहिमेत विमानं आणि जहाजं घेऊन शास्त्रज्ञांनी हिंदी महासागरावरची हवा तपासली. भर समुद्रावर तपकिरी धुरकट थर सापडला. म्हणजे, आमच्या आयांच्या डोळ्यांतून वर्षानुवर्षं पाणी काढणारा धूर समुद्रावर पोचला, तेव्हा त्याची जगभर बातमी झाली!

पुढे सिंहगडावर आणि मालदीवमध्ये हवेचे नमुने घेतले गेले. लाकडात किरणोत्सारी कार्बन असतो, कोट्यवधी वर्षं पुरलेल्या कोळशात आणि तेलात तो उरलेला नसतो. त्यावरून उगम ओळखता येतो. २००९ साली निष्कर्ष आला: काजळीचा निम्मा ते दोन-तृतीयांश भाग लाकूड, शेण, पालापाचोळा अशा जळणाचा आहे.

हे खरं आहे, आणि ते नाकारायचं नाही. पण त्यावरून 'बायकांच्या चुलीच दोषी' असा सूर निघाला, तर तो मान्य करायचा नाही. या जळणात शेतात पेटवलेली धसकटं आणि वणवेही येतात. आणि सिंहगडावरच्या हवेतला वाटा काही कळंबोलीच्या नाक्यावरचा वाटा नव्हे. तिथं डिझेलचा हिशेब वेगळा मागावा लागेल. एप्रिल २०२० पासून नवी वाहनं बीएस-सहा मानकाची आली, पण जुने ट्रक रस्त्यावर आहेतच.

मी चुलीची वकिली करत नाही. घरातल्या धुरामुळे २०२० साली जगात सुमारे ३२ लाख माणसं अकाली मेली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. १९८३ पासून सुधारित चुलींची सरकारी योजना आली. धुराडं बसलं की घरातला धूर कमी होतो, पण तोच धूर बाहेर जातो. २०१६ पासून उज्ज्वला योजनेत बाईच्या नावानं गॅस आला. पण दुसरी टाकी भरायला रोजंदारीतून पैसे काढायचे कुठून? मग मोळी पुन्हा तिच्याच डोक्यावर येते.

म्हणून आपल्या मागण्या साध्या आहेत. टाकी भरणं परवडलं पाहिजे. हवा मोजायची यंत्रं वीटभट्टीजवळ आणि वाडीतही लावली पाहिजेत. खोकला घेऊन आलेल्या प्रत्येक बाईला दवाखान्यात विचारलं पाहिजे, 'स्वयंपाक कशावर करता?'

एक दिलासा आहे. कार्बन डायऑक्साइड शतकानुशतकं हवेत राहतो, काजळी मात्र काही दिवसांत खाली बसते. ती निर्माण होणं थांबलं, तर फरक आपल्या हयातीतच दिसेल.

तोवर प्रत्येक गटानं एक वही घालावी. कुठलं जळण, किती तास, कुणाला खोकला, रस्त्यावर धूर कधी दाटतो, हे लिहावं. पुढच्या बैठकीला या वह्या घेऊनच येऊ.