कातर रे भाजी!



पणजीत मांडवीच्या काठाने जाताना जुन्या सचिवालयाशेजारी एक पुतळा दिसतो. पायघोळ झगा घातलेला एक पाद्री दोन्ही हात रोखून उभा आहे आणि त्याच्यासमोर एक बाई मागे कलंडली आहे. नव्या पर्यटकाला वाटतं, हा गळा तरी दाबतोय, नाहीतर भूत तरी उतरवतोय. रामचंद्र पांडुरंग कामत यांनी १९४५ साली घडवलेला हा पुतळा आबे फारिया यांचा. बार्देशातल्या कांदोळीत १७५६ साली जन्मलेला हा गोंयकार पुढे पॅरिसमध्ये लोकांना मोहनिद्रा देऊ लागला. आज संमोहनाविषयी बोलायचंय, पण त्याच्या गूढ-गंभीर बाजूविषयी नाही. तिथे हसण्याचं काय काम, एवढंच बघू या.

फारियांची एक गोष्ट गोव्यात शेंबडं पोरही सांगेल. लिस्बनला राणीसमोर प्रवचन द्यायची वेळ आली. तरुण फारिया व्यासपीठावर चढले, समोर अख्खा दरबार, आणि त्यांची बोबडी वळली. जवळ बसलेले वडील हळूच कोंकणीत म्हणाले, "ही सगळी भाजी, कातर रे भाजी!" झालं! दरबाराची भाजी झाली आणि पोरगा घडाघडा बोलू लागला. ही आख्यायिका आहे, कागदोपत्री पुरावा कुणी मागू नये. पण उपचार म्हणून पाहिलं तर बाप वस्ताद होता. "घाबरू नकोस" असं तो म्हणाला नाही. घाबरलेल्याला तसं म्हटलं की तो दुप्पट घाबरतो. ज्या दरबाराची धास्ती होती त्यालाच त्यानं माठाच्या जुडीशेजारी नेऊन बसवलं.

पॅरिसमध्ये मात्र हसणं फारियांवर उलटलं. शातोब्रियां या फ्रेंच लेखकानं आपल्या आठवणींत एका मेजवानीचा किस्सा दिला आहे. आपण नुसत्या प्रभावानं पक्षी मारू शकतो, अशी फुशारकी आबेंनी तिथे मारली म्हणे. कॅनरी जातीचा एक इवलासा पक्षी समोर ठेवला गेला. आबेंनी जोर लावला. पक्षी ढिम्म. शातोब्रियां लिहितो की शेवटी पक्षीच भारी ठरला, आणि तो आपल्याला मारील या भीतीनं आबेंना मेजवानी सोडून जावं लागलं. आता शातोब्रियांच्या लेखणीला मीठमसाला लावायची सवय होती, तेव्हा यातलं खरं किती ते सोडून द्या.

१८१३ पासून फारियांनी पॅरिसमध्ये जाहीर प्रयोग सुरू केले. माणसाला आरामात बसवायचं, डोळे मिटायला सांगायचं, झोपेवर मन एकाग्र करायला लावायचं आणि मग खणखणीत आवाजात हुकूम सोडायचा, "झोपा!" त्यांच्या आधी मेस्मर या डॉक्टरनं चुंबकीय द्रवाचा सिद्धांत मांडला होता. तो द्रव उपचार करणाऱ्याच्या अंगातून रोग्याच्या अंगात वाहतो, असं त्याचं म्हणणं. फारिया म्हणाले, तसं काही वाहत-बिहत नाही. झोप येते ती झोपणाऱ्याच्या मनातून, माझ्यात कसलीही शक्ती नाही. (ज्यांचं रक्त पातळ ते लवकर झोपतात, असंही ते म्हणत. तो भाग आपण कानाआड करू.) संमोहनाच्या धंद्यात इतकं प्रामाणिक विधान तेव्हा दुर्मीळ होतं, आजही आहे. पण १८१६ मध्ये पॅरिसच्या व्हारिएते नाट्यगृहात या झोपाळू प्रयोगांची टर उडवणारी एकांकिका आली आणि लोक पोट धरधरून हसले. फारियांचा खेळ उठला तो उठलाच. १८१९ मध्ये त्यांचं पुस्तक निघालं आणि त्याच वर्षी ते गेले. त्यांचं बरोबर होतं हे वैद्यकाला पटायला आणखी काही दशकं जावी लागली.

आता एकदम कॅलिफोर्नियात येऊ. १९७० च्या दशकात सांताक्रूझच्या विद्यापीठात रिचर्ड बँडलर हा विद्यार्थी आणि जॉन ग्राइंडर हे भाषाशास्त्राचे प्राध्यापक, या जोडीनं नावाजलेल्या मानसोपचारकांचं बोलणं टिपून अभ्यासलं. एकेकाची लकब, वाक्यरचना, थांबण्याची जागा उचलली आणि त्यातून 'न्यूरो-लिंग्विस्टिक प्रोग्रॅमिंग' ही बोलण्यातून मन वळवण्याची पद्धत उभी केली. नाव रेल्वेच्या डब्याएवढं लांब, म्हणून सगळे एनएलपी म्हणतात. त्यातल्या काही क्लृप्त्या मात्र खरोखर मजेशीर आहेत. मनात सतत एक आवाज टोचत असतो ना, "तुला काही जमायचं नाही"? तर तो बंद करायला जाऊ नका. त्याचे शब्द तेच ठेवा, आवाज तेवढा मिकी माऊसचा करा. धसका बसलेला प्रसंग आठवत असेल तर तो सिनेमासारखा उलटा पळवा आणि मागे सर्कशीचं संगीत लावा.

मिकी माऊसपेक्षा आपल्याला दादर स्टेशनवरच्या बाई जास्त जवळच्या. करून बघा. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. तुला काही जमायचं नाही ही गाडी आपल्या निर्धारित वेळेपेक्षा वीस वर्षे उशिराने धावत आहे. प्रवाशांना होणाऱ्या गैरसोयीबद्दल आम्हाला खेद आहे." हे मनातल्या मनात म्हणून झाल्यावर पहिल्याइतकं वाईट वाटून घेणं बरंच अवघड जातं. कांदोळीच्या फारियांचे वडील हे फुकट सांगून गेले होते. आता त्याचं शुल्क पडतं आणि वर प्रमाणपत्र मिळतं.

आणि हेही सांगायला हवं की शास्त्र म्हणून एनएलपीचे पाय लंगडे आहेत. अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलच्या समितीनं १९८८ मध्ये तपासणी केली, तिला त्यात भरीव पुरावा सापडला नाही. माणूस खोटं बोलताना डोळे ठरावीक दिशेला फिरवतो हा दावा २०१२ मध्ये प्रयोगानं तपासला गेला, तोही टिकला नाही. संमोहनाची गोष्ट वेगळी. मँचेस्टरच्या पीटर व्हॉरवेल यांनी १९८४ मध्ये आतड्याच्या चिवट तक्रारींवर त्याचा उपयोग दाखवून दिला, आणि तो उपचार आजही दिला जातो. दोघांना एकाच पाटीखाली बसवणं बरं नव्हे.

बँडलर-ग्राइंडर ज्यांच्याकडून शिकले त्यांत सगळ्यात बिलंदर म्हातारा म्हणजे मिल्टन एरिक्सन. जन्म १९०१, मृत्यू १९८०, पेशानं मनोविकारतज्ज्ञ, वास्तव्य अ‍ॅरिझोनातल्या फीनिक्सला. सतराव्या वर्षी पोलिओनं आडवा झाला होता. पोरगा सकाळ काही बघत नाही, असं डॉक्टरांचं आईशी चाललेलं बोलणं त्यानं स्वतःच्या कानांनी ऐकलं आणि पुढे साठ वर्षं जगला. रंगांधळा होता, जांभळा तेवढा आवडायचा, म्हणून कपडे जांभळे. लहानपणी शेतावर वडील एका वासराला गोठ्यात ओढत होते आणि वासरू पाय रोवून उभं होतं. मिल्टननं मागे जाऊन त्याची शेपटी उलट्या दिशेला ओढली. वासरानं ठरवलं की जास्त विरोध याला करायचा, आणि ते मिल्टनला फरपटत घेऊन थेट गोठ्यात शिरलं. एरिक्सनचं पुढचं सगळं मानसशास्त्र या शेपटीत आहे.

एरिक्सन यांचा एक रोगी होता, पासष्टीचा, रात्रीत जेमतेम दोन तास झोपणारा. गोळ्यांची मात्रा वाढत चाललेली. एरिक्सननी विचारलं, बरं व्हायला आठ तासांची झोप खर्च कराल? गृहस्थ म्हणाले, एका पायावर. मग विचारलं, घरात सगळ्यात नकोसं काम कोणतं? लाकडी जमिनीला मेण लावून घासणं, त्या मेणाचा वासही सहन होत नाही, असं उत्तर आलं. ठरलं तर. रात्री आठला झोपायचे कपडे घालायचे आणि सकाळी सातपर्यंत जमीन घासायची, मग कामावर जायचं. अशा चार रात्री. रोजच्या दोन तासांच्या हिशेबानं खर्च आठच तासांचा! गृहस्थांनी तीन रात्री इमानेइतबारे घासलं. चौथ्या रात्री म्हणाले, जरा अर्धा तास पडतो, डोळ्यांना विश्रांती. उठले ते सकाळी सातला. एरिक्सन मिश्कीलपणे सांगत, जमीन घासणं टाळायला हा माणूस काय वाटेल ते करील, झोपेल सुद्धा.

इथे कुणी घड्याळ डोळ्यांपुढे हलवलं नाही की खोल आवाजात दहापासून उलटं मोजलं नाही. झोप यावी म्हणून जो माणूस रात्रभर झटत होता, त्याला झटायला दुसरं काम दिलं, इतकंच. व्हिएन्नाचे मनोविकारतज्ज्ञ व्हिक्टर फ्रँकल यांची वाटही याच गावाला जाते. लोकांसमोर घाम फुटेल या भीतीनंच ज्याला घाम फुटायचा अशा एका डॉक्टरला त्यांनी सांगितलं, आता लोकांना दाखवूनच द्या तुम्हाला किती घाम येतो. गेल्या वेळी लिटरभर आला होता ना, आज दहा लिटर काढा. काही वर्षं छळणारी ती भीती आठवड्यात गेली.

सगळ्यांवर कडी केली ती विस्कॉन्सिनमधल्या मेंडोटा मनोरुग्णालयातल्या फ्रँक फॅरेली यांनी. ते मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांच्या प्रकल्पात काम करत. रॉजर्सची रीत म्हणजे ऐकणं, समजून घेणं, रोग्यावर विश्वास टाकणं. फॅरेली एका जुन्या रोग्याला परोपरीनं सांगत होते की तू मोलाचा आहेस, तू सुधारशील. रोग्याचं एकच पालुपद, माझ्यात दम नाही, मी कायमचा असाच. १९६३ च्या जुलैमध्ये फॅरेलींचा धीर सुटला. ते म्हणाले, हरलो बाबा, तुझंच खरं, तू अगदी वाया गेलेला आहेस, आता इथून पुढे आपण याच्यावर एकमत ठेवू. काही मिनिटांत रोगी तक्रार करू लागला, अहो, मी काही इतकाही वाईट नाही! आयुष्यात पहिल्यांदा तो स्वतःची वकिली करत होता. यातून फॅरेलींचा 'चिथावणीचा उपचार' निघाला आणि १९७४ मध्ये त्यावरचं पुस्तक आलं.

हे ऐकून अंगावर काटा आला असेल तर तेही बरोबर आहे. लॉरेन्स क्युबी या मनोविश्लेषकानं १९७१ मध्ये मानसोपचारातल्या विनोदाच्या घातकपणावर लेखच लिहिला. डॉक्टरनं थट्टा केली की रोग्याला हसावंच लागतं, राग आला तरी तो गिळावा लागतो, हा त्याचा मुद्दा. आपल्याकडे तर "अरे, मनावर काय घेतोस, गंमत केली" म्हणणारे काका-मामा प्रत्येक लग्नात भेटतात आणि त्यांच्या गमतीनं कुणी बरं झाल्याचं ऐकिवात नाही. फॅरेलींचं म्हणणं असं की डोळ्यांत मिश्किली असली तरी मनात माया हवी, नाहीतर तो नुसता अपमान. माया आहे की नाही हे ठरवणार कोण, हा प्रश्न त्यातही उरतोच.

एक तपशील मात्र फॅरेलींचे उत्साही अनुयायी घाईत गाळतात. पुढे ते पहिल्या भेटीतही असं बोलू लागले हे खरं. पण जुलैमधली ती भेट त्या रोग्याबरोबरची एक्क्याण्णवावी होती. आधीच्या नव्वद भेटी त्यांनी ऐकण्यात आणि समजावण्यात घालवल्या होत्या. शनिवार-रविवारच्या एनएलपी शिबिरात चहा-नाश्ता आणि समूहछायाचित्र धरून त्या नव्वद कुठे बसवायच्या, ते शिबिरवाल्यांनाच विचारा.