तांबड्या पेशींचा आकडा



मागच्या उन्हाळ्यात तेवीस वर्षांची एक मुलगी आईबरोबर आमच्या प्रयोगशाळेत आली. "सहा महिने झाले, लोहाच्या गोळ्या एक दिवस चुकवल्या नाहीत. पालक, गूळ-शेंगदाणे, सगळं चालू आहे. तरी हिचं रक्त काही वाढत नाही," आई काकुळतीला आली होती. मी रिपोर्ट पाहिला. हिमोग्लोबिन 10.4. बायकांना ते किमान 12 हवं. पण त्याच कागदावर आणखी एक ओळ होती: तांबड्या पेशी 5.6 मिलियन, म्हणजे 56 लाख. रक्त कमी, आणि पेशी मात्र भरपूर!

हा आकडा कसला, ते आधी पाहू. जेमतेम मोहरीच्या दाण्याएवढं, एक घनमिलिमीटर रक्त घेतलं, तर त्यात तांबड्या पेशी किती, हे तो सांगतो. पुरुषांत त्या साधारण 45 ते 55 लाख असतात, स्त्रियांत 38 ते 48 लाख. प्रयोगशाळेगणिक मर्यादा थोडी बदलते, म्हणून आपल्याच रिपोर्टवर छापलेली मर्यादा पाहावी.

या पेशी हाडांतल्या मज्जेत तयार होतात आणि सुमारे 120 दिवस जगतात. लोह किंवा बी-12 कमी पडलं, पाळीत फार रक्त गेलं, मूळव्याधीतून जात राहिलं, मूत्रपिंडं थकली, की आकडा उतरतो. गरोदरपणी रक्तातलं पाणी वाढतं, त्यानेही तो खाली दिसतो. उलट जुलाब-उलट्यांनी अंगातलं पाणी आटलं, विडी-सिगारेटचं व्यसन असलं, लडाखसारख्या उंच जागी मुक्काम असला, तर तो चढतो. क्वचित मज्जेच्या आजारानेही चढतो.

म्हणून हा आकडा एकटा वाचू नये. त्याच्या जवळच एमसीव्ही ही ओळ असते. ती पेशीचा सरासरी आकार सांगते. तो 80 ते 100 असावा. या मुलीचा होता 62.

परातीत पीठ कमी असलं, की भाकऱ्या लहान होतात आणि मोजक्याच होतात. लोह कमी पडलं की मज्जेचं तसंच होतं. थॅलसेमिया मायनर नावाच्या अवस्थेत मात्र पीठ असतं, पण हिमोग्लोबिन घडवण्यातच जन्मजात उणीव असते. प्रत्येक भाकरी लहान होते, म्हणून मज्जा जास्त भाकऱ्या थापत राहते. आकडा चढतो तो यामुळे.

1973 मध्ये डॉ. विल्यम मेंट्झर यांनी एक सोपा भागाकार सुचवला. एमसीव्हीला मिलियनमधल्या पेशींच्या आकड्याने भागायचं. उत्तर 13च्या वर आलं तर लोहाच्या कमतरतेकडे बोट, खाली आलं तर थॅलसेमिया मायनरकडे. 62 भागिले 5.6, उत्तर आलं 11. हा निव्वळ इशारा असतो, निदान नव्हे. खात्री एचपीएलसी तपासणीने होते. तिची केली, आणि मायनरच निघाला.

आई घाबरली. मी त्यांना समजावलं, हा आजार नव्हे, मुलीला काही होणार नाही. पण नवरा-बायको दोघांनाही थॅलसेमिया मायनर असेल, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला थॅलसेमिया मेजर होण्याची शक्यता चारात एक असते. त्या लेकराला बहुधा जन्मभर दर काही आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. मुलीचं लग्न ठरलं होतं. पुढच्याच आठवड्यात होणारा नवरा स्वतः येऊन रक्त देऊन गेला. त्याचा रिपोर्ट अगदी नॉर्मल आला.

तेव्हा श्रोतेहो, कपाटातला जुना रिपोर्ट आज काढा. हिमोग्लोबिन, तांबड्या पेशी आणि एमसीव्ही, या तिन्ही ओळी एकत्र वाचा. हिमोग्लोबिन कमी आणि पेशी जास्त दिसल्या, तर मनानेच गोळ्या सुरू किंवा बंद करू नका. कागद डॉक्टरांपुढे ठेवा आणि विचारा, "एचपीएलसी करायची का?" लग्नाआधी विचारलंत तर फार उत्तम.