वीज गेली तरी पाणी थांबू नये
(चिंचणी परिसरातील शेतकऱ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



चिंचणीच्या एका बाजूला तारापूरचे अणुवीज केंद्र आहे, जे १९६९ साली सुरू झाले. दुसऱ्या बाजूला डहाणूचे ५०० मेगावॅटचे औष्णिक केंद्र आहे. तरीही तारेवर एक सुरूचे झाड पडले की वाडीतला पंप बंद पडतो आणि घरात हंडाभर पाण्यासाठी धावपळ होते. १७ मे २०२१ रोजी ‘तौक्ते’ चक्रीवादळ आपल्या किनाऱ्याजवळून गेले, तेव्हा झाडे आणि खांब पडून पालघर जिल्ह्यातील अनेक गावे अंधारात गेली. त्याआधी ३ जून २०२० च्या ‘निसर्ग’ वादळानंतर रायगड व रत्नागिरीतील काही गावांना विजेसाठी कित्येक आठवडे वाट पाहावी लागली. ही दोन्ही वादळे पावसाळ्याच्या तोंडावर आली. त्या दिवसांत विहिरींची पातळी सर्वांत खाली गेलेली असते. म्हणून तयारी एप्रिलअखेर पूर्ण करावी.

प्रथम घरचा हिशेब करावा. माणशी रोज ४० लिटर धरले तर पाच माणसांना २०० लिटर पाणी लागते. दोन म्हशींना प्यायला प्रत्येकी ५० लिटर धरावे. म्हणजे रोजचे ३०० लिटर झाले. वादळाचा इशारा मिळताच १००० लिटरची टाकी भरून ठेवली तर तीन दिवसांची सोय होते. टाकी झाकून दोरखंडाने बांधावी. विहिरीवरची जुनी कप्पी आणि दोर तपासून घ्यावेत. विजेची मोटर आली म्हणून कप्पी काढून टाकू नये.

पिकांना पाणी देताना क्रम ठरवावा. रोपवाटिका, नवी कलमे आणि मिरचीची रोपे यांना पाणी आधी द्यावे. चिकूची मोठी झाडे काही दिवस थांबू शकतात. त्यांच्या आळ्यात वाळलेला पाला किंवा भाताचा पेंढा तीन-चार इंच पसरावा, म्हणजे ओल टिकते.

आता गावाने मिळून करावयाची कामे पाहू. डिझेल इंजिन कोणाकडे आहे, पाण्याची टाकी वाहून नेणारा ट्रॅक्टर कोणाचा आहे, कोणत्या विहिरीचे पाणी उन्हाळ्यातही गोडे राहते, याची यादी करून ग्रामपंचायतीत लावावी. पाळी आणि डिझेलचा खर्च आधीच ठरवावा, संकटात वाद होत नाहीत. इंजिन विहिरीत उतरवून चालवू नये. धुरातील विषारी वायूने माणूस गुदमरून दगावतो. जनरेटर लावण्यापूर्वी घराचा मेन स्विच बंद करावा, नाहीतर वीज उलट लाईनवर जाऊन दुरुस्ती करणाऱ्या वायरमनच्या जिवावर बेतते. तुटलेल्या तारेजवळ जाऊ नये, गुरांनाही जाऊ देऊ नये. महावितरणला १९१२ या क्रमांकावर कळवावे.

वीज परत येते तो क्षणही जपण्याचा असतो. ऑटो स्विचमुळे सगळे पंप एकदम सुरू होतात, दाब कमी पडतो, मोटरी जळतात आणि डीपीही जळते. मग पुन्हा अंधार. म्हणून ऑटो स्विच बंद ठेवावेत आणि एका डीपीवरील शेतकऱ्यांनी पाळीने पंप चालवावेत.

किनाऱ्यावर याचे आणखी एक कारण आहे. जमिनीखाली गोडे पाणी जड खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. समुद्रसपाटीच्या वर असलेली गोड्या पाण्याची पातळी कायमची एक फूट खाली गेली, तर खालचे खारे पाणी सुमारे चाळीस फूट वर येऊ शकते. चार दिवसांची भूक एका दिवसात भागवण्यासाठी उपसा केला तर विहीर मचूळ होण्याचा धोका असतो. चिकू काही प्रमाणात क्षार सोसतो, भाजीपाल्याची रोपे सोसत नाहीत आणि पिण्याची विहीर तर सर्वांचीच असते. म्हणून सकाळ-संध्याकाळ थोडा थोडा उपसा करावा.

वादळानंतर विहीर शुद्ध केल्याशिवाय पाणी पिऊ नये. विहिरीचा व्यास ३ मीटर आणि पाणी २ मीटर खोल असेल तर सुमारे १४,००० लिटर पाणी होते. दर हजार लिटरला चांगली ताजी टीसीएल पावडर अडीच ग्रॅम, म्हणजे एकूण ३५ ग्रॅम लागते. ती बादलीत कालवावी, गाळ बसू द्यावा, वरची निवळी विहिरीत सोडावी आणि एक तासाने पाणी वापरावे. पाणी गढूळ असेल तर जलसुरक्षकाकडून तपासून मात्रा वाढवावी.

यातील बहुतेक कामांना पैसा फारसा लागत नाही, एक बैठक मात्र लागते. ती या उन्हाळ्यात अवश्य घ्यावी, ही विनंती करून मी थांबतो.