दूरच्या यंत्राची नाडी



पुण्यातला सर्व्हर निजला, तरी सिहोऱ्यात बसून त्याला उठवता येते. त्याच्या पोटात एक धाकटे यंत्र असते. मोठे बंद असले तरी प्लगात वीज आहे तोवर ते जागे राहते. त्याच्या बोलीचे नियम इंटेल, डेल, एचपी आणि एनईसी यांनी १९९८ साली ठरविले.

हे धाकटेच उत्तर देईना, की दोष रात्रपाळीच्या पोरावर! अहो, आधी केबल पाहा. कुठे त्याची खोबणी स्वतंत्र, कुठे मोठ्याशी सामायिक. घोटाळा इथेच होतो. मग पत्ता, गेटवे, व्हीलॅन. पिंगला उत्तर आले म्हणून निश्चिंत होऊ नका. यूडीपीचे ६२३ क्रमांकाचे दार फायरवॉलने अडविलेले असू शकते. त्या दाराची किल्ली पोराकडे नसते, नेटवर्क खात्याकडे असते. मेमो लिहिण्यापूर्वी तिकडे फोन करा.