दोन रिमोटांचा डबा



या टेबलावर मी एक प्लास्टिकचा डबा ठेवला आहे. पुढे बसलेल्या चाळिशीतल्या मंडळींनी तो ओळखला, हे त्यांच्या चेहऱ्यांवरूनच दिसते. याला आपण टीव्ही गेम म्हणायचो. कुणाच्या घरी ‘मीडिया’ लिहिलेला असे, कुणाच्या घरी ‘लिटल मास्टर’, कुणाच्या घरी ‘टर्मिनेटर’. आत सगळ्यांच्या एकच जीव. वर कॅसेट बसवायची खाच, मागे अडॅप्टरची पिन आणि टीव्हीची वायर, आणि पुढून निघालेले दोन रिमोट. या व्याख्यानमालेत शेतीवर, संतसाहित्यावर, आरोग्यावर व्याख्याने होतात आणि व्हायलाच हवीत. मला त्याच गांभीर्याने या डब्याविषयी बोलायचे आहे. आपल्या भागातल्या पुष्कळ घरांत संगणक येण्याआधी आलेला पहिला संगणक हाच होता, आणि त्याची दखल कुणी फारशी घेतलेली नाही.

तो काळ आठवा. दिवाळीनंतर कापूस विकला जायचा, चुकारा हाती यायचा आणि मग घरात एखादी मोठी वस्तू घेतली जायची. टीव्ही तसाच आला. 1992 च्या ऑक्टोबरात झी टीव्ही सुरू झाला, केबलच्या तारा हळूहळू तालुक्यापर्यंत पोचल्या. टीव्ही गेम मात्र मुलांच्या हट्टाने आला. कुणी यवतमाळच्या दुकानातून आणला, कुणाच्या मामाने नागपूरहून सीताबर्डीतून पाठवला. ज्यांच्या घरी नव्हता ते ताशी भाड्याने खेळायचे. टीव्हीच्या झाकणाआडची बारीक चक्रे फिरवत मुंग्यांमधून गेमचे चित्र शोधून काढणे हे घरातल्या थोरल्या भावाचे काम. शेजारची चार पोरे जमायची आणि एकच वाक्य पुन्हा पुन्हा ऐकू यायचे : “तुये तीन लाइफ झाले, आता मले दे.”

हा डबा मुळात कुणाचा, ते आधी सांगतो. जपानच्या निन्टेन्डो कंपनीने 15 जुलै 1983 रोजी ‘फॅमिली कॉम्प्युटर’ बाजारात आणला. लोक त्याला फॅमिकॉम म्हणू लागले. किंमत 14,800 येन. त्याची रचना मासायुकी उएमुरा या अभियंत्याच्या हाताखाली झाली. अमेरिकेत तोच वेगळ्या पेटीत, एनईएस या नावाने गेला. दोन्ही मिळून जगभर 6 कोटी 19 लाखांहून अधिक विकले गेले. आपल्याकडे घरोघर आला तो मूळचा नव्हे, त्याची नक्कल. ती नक्कल एकट्या भारतात आली नाही. रशियात 1992 च्या अखेरीस तीच ‘डेंडी’ नावाने, हत्तीचे चित्र घेऊन आली. पोलंडमध्ये ती ‘पेगासस’ झाली, चीनमध्ये ‘सुबोर’. मॉस्कोतले मूल आणि आपल्या बाभुळगावातले मूल एकाच वर्षांत एकाच पडद्याकडे पाहत एकाच खड्ड्यात पडत होते. दोघांनाही एकमेकांची खबर नव्हती.

आता यंत्राच्या पोटात काय होते ते पाहा. 8 बिटांचा प्रोसेसर, आणि कामापुरती स्मरणशक्ती 2 किलोबाइट. आजच्या फोनमध्ये देवनागरीचे एक अक्षरचिन्ह 3 बाइट घेते. म्हणजे मी आतापर्यंत बोललो तेवढे शब्दही त्या स्मरणशक्तीत मावले नसते. 13 सप्टेंबर 1985 रोजी आलेला सुपर मारिओ ब्रदर्स हा अख्खा गेम 40 किलोबाइटचा. आज व्हॉट्सअ‍ॅपवर येणारा साधा फोटोही बहुतेक त्याहून मोठा असतो. एवढ्या तुटपुंज्या जागेत जग उभे करायचे तर काटकसर करावी लागते. मारिओमध्ये आकाशातला ढग आणि जमिनीवरचे झुडूप हे एकच चित्र आहे. रंग बदलला की ढगाचे झुडूप होते. घरी गेल्यावर नातवंडांच्या फोनवर पाहून घ्या. ही काटकसर करणाऱ्यांविषयी माझ्या मनात मोठा आदर आहे.

पण आज मला खरे बोलायचे आहे ते रिमोटविषयी. डब्याचे कौतुक अधूनमधून होते, रिमोटचे होत नाही. डाव्या अंगठ्याखाली अधिक चिन्हासारखी ही जी कळ आहे, ती गुनपेई योकोई यांनी बसवली. हे गृहस्थ 1965 मध्ये निन्टेन्डोत लागले, तेव्हा ती कंपनी हानाफुदा नावाचे पत्ते छापत असे आणि योकोईंकडे त्या कारखान्यातल्या यंत्रांची देखभाल होती. पुढे ते खेळणी बनवू लागले. 1982 मध्ये त्यांना खिशात मावणारा, घडी घालता येणारा ‘डाँकी काँग’ हा गेम बनवायचा होता. त्यावर उभी दांडी बसवली असती तर घडी मिटली नसती. म्हणून त्यांनी दांडी काढून टाकली आणि चार दिशा एका सपाट चौफुलीत आणल्या. पुढच्या वर्षी तीच चौफुली फॅमिकॉमच्या रिमोटवर आली. आज जगातल्या बहुतेक सगळ्या गेम-रिमोटवर ती कुठे ना कुठे आहेच. स्वस्त, जुनी, पुरेपूर पारखलेली तंत्रे घ्यायची आणि त्यांना नवे काम द्यायचे, ही योकोईंची रीत होती. 1997 मध्ये ते रस्त्यावरच्या अपघातात गेले.

मी हा रिमोट उघडतो. मागचे स्क्रू काढले की दोन टरफले वेगळी होतात. आत तीनच गोष्टी आहेत. एक तपकिरी पट्टी, तिच्यावर कार्बनचे काळे ठिपके. त्यावर रबराची मऊ चादर, प्रत्येक कळीखाली एक फुगवटा आणि फुगवट्याच्या पोटाला काळी टिकली. त्यावर कळा. कळ दाबली की रबर खचते, टिकली ठिपक्यांना टेकते आणि वीज पुढे जाते. बोट उचलले की रबर स्वतःच्या ताणाने वर येते. स्प्रिंग नाही, घासणारा पत्रा नाही. चौफुलीच्या मधोमध खालच्या बाजूला हा टेकू पाहा. तिची एक बाजू खाली गेली की समोरची बाजू वर उचललीच जाते. डावे आणि उजवे एकाच वेळी दाबले जाऊ नये, याची सोय प्रोग्रामने नव्हे, या प्लास्टिकच्या टेकूने केली आहे. अशी सोय पाहिली की मला बनवणाऱ्याच्या हाताविषयी आदर वाटतो.

आठ कळा आहेत, तेव्हा आठ तारा लागतील असे आपल्याला वाटेल. मूळ फॅमिकॉमच्या पहिल्या रिमोटमध्ये फक्त पाच आहेत. दोन विजेसाठी, उरलेल्या तीन बोलण्यासाठी. डबा एका तारेवरून हुकूम देतो : ‘आहे तसे धरून ठेव.’ पट्टीवरची चिप त्या क्षणी कोणत्या कळा दाबलेल्या आहेत ते पकडते. मग दुसऱ्या तारेवरून डबा एकेक ठोका देतो आणि तिसऱ्या तारेवरून उत्तर येते. ए? हो. बी? नाही. सिलेक्ट, स्टार्ट, वर, खाली, डावे, उजवे, नेहमी याच क्रमाने. चित्र बदलेल तेव्हा तेव्हा ही हजेरी पुन्हा होते. जपानच्या टीव्हीवर सेकंदाला 60 वेळा, आपल्या टीव्हीवर 50 वेळा. त्यामुळे जपानी मुलांच्या मारिओपेक्षा आपला मारिओ जरा संथ पळायचा, आणि आपल्याला तोच त्याचा खरा वेग वाटायचा. मी इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो. आठ कळांची स्थिती थोड्या तारांतून कशी नेतात हे फळ्यावर समजावण्यापेक्षा हा रिमोट मुलांच्या हातात देणे मला अधिक पटते.

नकला करणाऱ्यांनी या रिमोटमध्ये एक भर घातली, टर्बोची. ए आणि बीच्या वर आणखी दोन कळा, दाबून धरल्या की आपोआप झडी लागते. जपानच्या मूळ रिमोटवर त्या नव्हत्या. ‘कॉन्ट्रा’ या गोळीबाराच्या गेममध्ये त्या कामाच्या होत्या हे खरे, पण माझ्या मते त्यांनी खेळ थोडा सपाट केला. अंगठ्याने स्वतः झडी लावण्यात जी कमाई होती, ती फुकटात मिळू लागली.

खेळणाऱ्यांचे ज्ञान कसे पसरत होते, तेही पाहा. वर, वर, खाली, खाली, डावे, उजवे, डावे, उजवे, बी, ए. इथे काही जण माझ्यासोबत पुटपुटले. 1986 मध्ये ग्रेडियस हा गेम फॅमिकॉमवर आणताना काझुहिसा हाशिमोतो यांना तो स्वतः तपासून पाहायला फार अवघड जात होता, म्हणून त्यांनी ही किल्ली आत ठेवली. पुढे कॉन्ट्रात ती 30 जीव देऊ लागली. आपल्याकडच्या पोरांच्या हाती ना इंटरनेट होते, ना गेमची मासिके. ती किल्ली तोंडोतोंडी आली, शाळेच्या मधल्या सुट्टीत आली, आणि एकही पायरी न चुकता आली.

आता दुसऱ्या रिमोटकडे येतो. मूळ फॅमिकॉममध्ये दोन रिमोट डब्यालाच पक्के जोडलेले होते. दुसऱ्यावर स्टार्ट आणि सिलेक्ट नव्हते. त्या जागी चक्क छोटा मायक्रोफोन होता. दुसरा रिमोट वेगळा विकत घ्यायचा नव्हता, तो खोक्यातच होता. घरात खेळणारे दोघे असणार, हे बनवणाऱ्यांनी गृहीत धरले होते. आपल्या नकलांनी मायक्रोफोन गाळला, पण दुसरा रिमोट ठेवला, आणि त्यासाठी मी त्यांचा ऋणी आहे.

त्या दुसऱ्या रिमोटचे सोने केले ते नामको कंपनीच्या 1985 मधल्या बॅटल सिटीने. आपण त्याला नुसते ‘टँक’ म्हणायचो. खाली मधोमध विटांच्या आड गरुडाचे चिन्ह, आणि वरून एकेका फेरीत शत्रूचे 20 रणगाडे. दोघांनी मिळून गरुड वाचवायचा. जोडीदाराची गोळी आपल्याला लागली तर आपण मरत नाही, काही क्षण जागीच गोठतो. तेवढ्यात शत्रू येतो. त्यामुळे भांडण व्हायचे आणि भांडण मिटवल्याशिवाय पुढची फेरी पार होत नसे. एकाने गरुडाजवळ थांबायचे, दुसऱ्याने पुढे जायचे, हे सात-आठ वर्षांची पोरे आपसांत ठरवायची. कुणी शिकवले नव्हते.

त्याच गेममध्ये ‘कन्स्ट्रक्शन’ होते. वीट, पोलाद, पाणी, झाडी, बर्फ हव्या त्या चौकटीत मांडायचे आणि मग आपणच मांडलेल्या रणांगणात खेळायचे. दिलेला खेळ खेळणे वेगळे आणि खेळ रचणे वेगळे. आपल्या तालुक्यातल्या कित्येकांनी आयुष्यात पहिल्यांदा यंत्राकडून स्वतःच्या मनातले काही करून घेतले ते इथे. कॅसेटमध्ये ते साठवायची सोय नव्हती. विदर्भातले भारनियमन तुम्हाला सांगायला नको. तासभर खपून मांडलेला किल्ला लाइट गेली की पुसला जायचा, आणि लाइट आली की पोरे तो पुन्हा मांडायला बसायची, बहुधा आधीपेक्षा चांगला.

डब्यासोबत मिळणाऱ्या बंदुकीविषयीही थोडक्यात. बदके मारायची ती बंदूक पडद्यावर काहीच फेकत नव्हती, ती पडदा पाहत होती. घोडा ओढताच एक क्षण पडदा काळा होई, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटे, आणि नळीतला प्रकाशग्राही डोळा त्या वेळी उजेड दिसला की नाही ते सांगे. हे जमायचे ते जुन्या काचेच्या टीव्हीत चित्र ठरल्या घडीला रेघारेघांनी उजळत असे म्हणून. आजच्या चपट्या टीव्हीत चित्र उमटायला उशीर होतो, म्हणून तीच बंदूक, तोच गेम, तरी एक बदक पडत नाही. कुणी बंदूक बिघडली म्हणून फेकली असेल तर ती बहुधा चांगली होती.

ही सगळी नक्कल होती, हे मी झाकणार नाही. कॅसेटवर ‘9999999 इन 1’ लिहिलेले असे आणि आत मोजके गेम नावे बदलून फिरत राहत. ते गेम रचणाऱ्या, मारिओच्या मियामोतो आणि ग्रेडियसच्या हाशिमोतो यांसारख्यांना आपल्या पैशातला पैसाही गेला नाही. तो अन्याय होताच. पण अस्सल माल इथल्या मुलाच्या आवाक्यात कधीच नव्हता, आणि त्या मुलाने या डब्यातून जे घेतले ते नकली नव्हते. पुढे हाच डबा कीबोर्ड आणि माउस लावून ‘अभ्यासाचा कॉम्प्युटर’ म्हणून आला. आईवडिलांनी तो त्या नावावर घेतला. त्यात टायपिंगचे धडे खरोखर होते. टंकलेखनाच्या वर्गाला न जाता कीबोर्डवर बोटे बसलेली माणसे मला आपल्या जिल्ह्यात भेटली आहेत.

निन्टेन्डोने जपानमध्ये फॅमिकॉमचे उत्पादन 2003 मध्ये थांबवले. मूळ यंत्रे आज तिथे जपून ठेवली जातात. आपल्याकडच्या नकला भंगारात किलोवर जात आहेत. त्यांची खोकी, त्यांवरची नावे, दुकानांचे शिक्के, घरच्या माणसाने सोल्डर मारून जोडलेली वायर, झिजलेल्या टिकलीवर चिकटवलेला चंदेरी कागद, हे फक्त आपल्याच घरांत आहे. जपानच्या कोणत्याही संग्रहालयात ते मिळणार नाही.

म्हणून माझी तुम्हा सर्वांना विनंती आहे. माळ्यावर, कोठीत, जुन्या टीव्हीच्या खोक्यात असा डबा असेल तर या सुट्टीत तो खाली काढा. अडॅप्टर लगेच लावू नका, आधी माहितगाराला दाखवा. रिमोट उघडून रबराखालचे ठिपके कोरड्या कापडाने पुसा. कंपनीचे नाव, कॅसेटवरची गेमची यादी, तो कोणत्या साली आणि कुठून आणला, हे एका कागदावर लिहून त्याच खोक्यात ठेवा. घरात ठेवायचा नसेल तर भंगारवाल्याला देण्याआधी आपल्या शाळेच्या विज्ञान शिक्षकांना विचारा. आणि देताना रिमोट दोन्ही द्या.