नवी गाडी उजेडात पाहा

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या दिवशी मी दोन शब्द बोलावे असे चिटणीसबाईंनी सांगितले, तेव्हा मी त्यांना म्हटले, "मला बाई शिवणाशिवाय दुसरे काय येते?" त्या म्हणाल्या, "तुमच्या गाडीची हकिगत सांगा. आपल्यांतल्या चारपाच जणींच्या घरी आता विजेची गाडी यायची आहे." तेव्हा तीच सांगते. हकिगतीत माझी फजिती आहे. पण एकीची फजिती ऐकून दुसरीची टळत असेल, तर सांगायला लाज कसली?

तुम्हांला ठाऊकच आहे, मी तीस वर्षे शाळेत शिवण शिकवले. निवृत्तीच्या वेळी जे पैसे हाती आले त्यांतून काही बाजूला ठेवून गाडी घ्यायची, असे मी ठरवले होते. घरात पेट्रोलच्या खर्चाची कुरकुर नको, धूर नको, म्हणून विजेची गाडी पसंत केली. २०२४ च्या दसऱ्याला ती मिळाली. दुकानात त्या दिवशी एकामागून एक गाड्या बाहेर पडत होत्या. आमच्या गाडीवर लाल कापड टाकलेले, वर दिव्यांचा लखलखाट, नातवंडांची टाळ्यांची घाई. कापड दूर झाले, नारळ फुटला, पेढे वाटले आणि एका मुलाने माझ्यापुढे कागद धरला, "मॅडम, इथे सही करा."

सही करण्यापूर्वी मी गाडीभोवती एक फेरी मारली. मागचे डावे दार पाहून थबकले. दाराची फट वरच्या बाजूला एक पोस्टकार्ड जाईल इतकी आणि खाली दोन जातील इतकी. शिवाय त्या दारावरची चमक इतर दारांसारखी वाटेना. मी ह्यांना हळूच सांगितले. हे म्हणाले, "अगं, आजच्या दिवशी खोट काढू नकोस. सगळे खोळंबले आहेत." तो मुलगा हसून म्हणाला, "काकू, सगळ्या गाड्यांना असेच असते."

आणि भगिनींनो, मी सही केली. ज्या बाईने मुलींची टीप दोन दोरे वाकडी गेली तरी उसवायला लावली, तिने स्वतःच्या पैशाने घेतलेल्या गाडीचे दार वाकडे चालवून घेतले. का, तर चारचौघांत शुभवेळी बोलणे बरे दिसणार नाही म्हणून!

पुढच्या वर्षी जूनमध्ये पाऊस लागला, आणि त्याच दारातून पाणी आत आले. पायाखालची सतरंजी भिजली, कुबट वास सुटला. पावसाळा सरतो न सरतो तोच दाराच्या खालच्या कडेला रंगाला पोपडा धरला. आपल्या आळीच्या तोंडाशी गाड्यांच्या ठोकपिटीचे आणि रंगाचे काम करणारे एक कारागीर आहेत, त्यांना गाडी दाखवली. त्यांच्याजवळ रंगाची जाडी मोजण्याचे मुठीएवढे यंत्र होते. ते त्यांनी गाडीला जागोजाग लावले. बाकीच्या दारांवर आकडा एकशेदहा-वीसच्या घरात, आणि ह्या एकाच दारावर तीनशेच्या आसपास! ते म्हणाले, "बाई, हे दार तुमच्या हाती येण्यापूर्वीच कुठे तरी ठोकरले आहे. सरळ करून, लुकण भरून, वरून रंग दिला आहे."

हा एकशेदहाचा आकडा कसला, ते आधी समजून घेऊ. एका मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन. कारखान्यातून आलेल्या गाडीवर रंगाचे सगळे थर मिळून सुमारे शंभर ते दीडशे मायक्रॉन भरतात. वर्तमानपत्राचे दोन कागद एकावर एक ठेवले तर जेवढी जाडी होईल, साधारण तेवढीच! एवढ्या पातळ पदरावर ऊन, पाऊस आणि गंज यांच्यापासून गाडीचा पत्रा वाचवण्याचा सारा भार असतो.

पण पातळ असला तरी तो पदर मोठ्या मेहनतीने चढतो. गाडीचा नुसता सांगाडा आधी धुतात आणि पत्र्यावर रंग धरावा म्हणून त्याला रसायनाचा हात देतात. मग तो सबंध सांगाडा रंगाच्या हौदात बुडवतात आणि विजेचा प्रवाह सोडतात. विजेच्या ओढीने तो अस्तराचा रंग कानाकोपऱ्यात, सांध्यांच्या आतसुद्धा जाऊन बसतो. त्यानंतर मोठ्या भट्टीत सुमारे एकशेसाठ ते एकशेऐंशी अंशांवर तो भाजून पक्का करतात. त्यावर आणखी एक थर, मग आपल्याला दिसतो तो रंग, आणि शेवटी काचेसारखे पारदर्शक वॉर्निश. पुन्हा भट्टी. हे सगळे होते तेव्हा गाडीत ना आसने असतात, ना तारा, ना बॅटरी. एकदा गाडी जुळवून झाली की पुन्हा ती तसल्या भट्टीत जाऊ शकत नाही. बाहेरच्या कारागिराला साठेक अंशांवरच रंग वाळवावा लागतो. विजेच्या गाडीच्या पोटात तर बॅटरी असते. तिला किती उष्णता चालेल ते गाडी करणारी कंपनीच ठरवून देते. चांगल्या कारागिराने दिलेला रंग टिकतो, यात शंका नाही. पण कारखान्यातला पहिला पदर पुन्हा येत नाही. म्हणून नव्या गाडीचा रंग हा केवळ शोभेचा प्रश्न नव्हे.

आता कुणी म्हणेल, विजेच्या गाडीचेच एवढे काय? पत्रा आणि रंग तर सगळ्याच गाड्यांना असतात. खरे आहे. पण पेट्रोलच्या गाडीत इंजिनाच्या घरघरीखाली बारीकसारीक आवाज दडून जातात. विजेची गाडी इतकी शांत चालते की सैल बसलेल्या दाराची खडखड, रबरातून शिरणाऱ्या वाऱ्याची शीळ, सारे कानावर येते. दुसरे असे की, विजेच्या गाड्या करणाऱ्यांत काही कंपन्या नव्या आहेत. बॅटरीची विद्या त्यांनी झपाट्याने हस्तगत केली. परंतु पत्र्याला पत्रा बिनचूक भिडवणे ही जुनी विद्या आहे, तिला हात बसावा लागतो.

याचे मोठे उदाहरण अमेरिकेतले आहे. तिथले सँडी मन्रो नावाचे अभियंते नव्या गाड्या खिळान् खिळा सुटी करून तपासतात. २०१८ साली त्यांनी टेस्ला कंपनीची 'मॉडेल ३' ही विजेची गाडी तपासली. तिच्या बॅटरीची आणि विजेच्या यंत्रणेची त्यांनी तारीफ केली. पण दारे-झाकणांच्या कमीजास्त फटींवर कडक टीका केली. पुढे २०२१ च्या फेब्रुवारीत त्या कंपनीचे प्रमुख इलॉन मस्क यांनी मन्रो यांनाच मुलाखत दिली. उत्पादनाचा वेग वाढवताना रंग पुरेसा वाळत नव्हता, ही गोष्ट त्यांनी त्या वेळी स्वतः कबूल केली. त्याच टेस्लाने २०२५ च्या जुलैत मुंबईत आपले दुकान उघडले. सांगायचा मुद्दा हा की, एवढ्या मोठ्या कारखान्याच्या मालकाला आपल्या मालातली उणीव उघडपणे बोलता आली, तर पैसे मोजणाऱ्या आपल्याला ती दाखवायला संकोच का वाटावा?

आणि पाहायची नजर आपल्यापाशी नाही का? आपण साडी घेताना काय करतो? दुकानातल्या दिव्याखाली रंग फसवतो म्हणून पदर धरून पायरीवर येतो आणि उजेडात पाहतो. स्टीलचा डबा घेताना झाकण चारदा लावून काढून बघतो. कल्हई केलेले पातेले आतून बोट फिरवून घेतो. गाडीलाही हेच लावायचे. मी शिकले ते क्रमाने सांगते.

गाडी आपल्या नावावर नोंदण्यापूर्वीच पाहण्याचा आग्रह धरा. एकदा नोंद झाली की ती तुमची झाली, मग बदलून मागणे जड जाते. मुहूर्ताच्या दिवसावर हे काम ठेवू नका. दोनचार दिवस आधी जा. गाडी धुतलेली आणि कोरडी असावी, आणि ती उन्हात आणायला सांगा. निर्मितीचा महिना आणि साल कागदाशी ताडून पाहा.

मग कोपऱ्यावर उकिडवे बसून गाडीच्या कडेने नजर टाका. रस्त्याकडेच्या झाडांचे किंवा खांबांचे प्रतिबिंब त्यात सरळ दिसावे. एखाद्या जागी ते एकदम मोडले तर तिथे पत्र्याला हात लागलेला असण्याचा संभव आहे. सगळ्याच गाड्यांवर थोडा संत्र्याच्या सालीसारखा पोत असतो, त्याला भिऊ नका. मात्र एका दारावर तो एक आणि शेजारच्या दारावर निराळा असेल तर विचारा. बंपर प्लॅस्टिकचा असतो आणि बहुधा निराळा रंगवतात, म्हणून त्याची छटा किंचित वेगळी दिसू शकते. पण दोन दारांत फरक असू नये.

फटींसाठी जाड पोस्टकार्ड घ्या. डाव्या बाजूला जेवढे शिरते तेवढेच उजव्या बाजूला शिरावे. दारे, बॉनेट, डिकी आणि चार्जिंगचे झाकण, सारे उघडून लावून पाहा. प्रत्येक दाराला सारखाच जोर लागला पाहिजे. बिजागरीच्या बोल्टांवरचा रंग तडकलेला असेल, किंवा कडेच्या रबरावर रंगाचे शिंतोडे असतील, तर ते दार कुणी तरी आधी उघडले किंवा रंगवले आहे असे समजावे. एकदा गाडी चार्जिंगलाही लावायला सांगा. मग काचा वर करून खडबडीत रस्त्यावरून एक फेरी मारा आणि त्या वेळी कुणी बोलू नका, नुसते ऐका.

जे दिसेल त्याचे फोटो घ्या, आणि सहीच्या कागदावर स्वतःच्या अक्षरात लिहा. तोंडी आश्वासनावर राहू नका. हे मी का सांगते? मी जेव्हा तक्रार घेऊन गेले तेव्हा त्यांनी माझ्यापुढे तोच दसऱ्याचा कागद ठेवला. त्यात छापलेले होते, 'गाडी उत्तम स्थितीत मिळाली', आणि खाली माझी सही. तीन पत्रे लिहिली, चार खेपा घातल्या, तेव्हा रबर बदलून मिळाले आणि दार नीट बसवले. पाणी थांबले. रंगाचे मात्र त्यांनी काही कबूल केले नाही. ग्राहकांसाठी १९१५ हा दूरध्वनी क्रमांक आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्यातल्या आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार नेता येते. पण आपल्याच सहीशी भांडणे किती कठीण असते, ते मला तेव्हा कळले.

गाडी घरी आल्यावरचेही थोडे सांगते. झेंडूचे तोरण तारेने बांधू नका, दोऱ्याने बांधा. पहिला ओरखडा पुष्कळदा आपल्याच हौसेचा असतो. कोरडी धूळ फडक्याने पुसू नका, आधी पाणी सोडा. पक्ष्यांची घाण उन्हात राहू देऊ नका, ती वॉर्निश खाते.

गेल्या वर्षी आपल्याच एका सभासद भगिनीच्या घरी विजेची गाडी यायची होती. त्यांनी मला बरोबर नेले. उन्हात गाडी पाहिली तर डिकीची एक बाजू उचललेली आणि खाली रंगात बोटभर लांबीचा ओघळ. त्यांच्या सुनेने शांतपणे सांगितले, "ही आम्हांला नको, दुसरी दाखवा." आवाज चढवला नाही, भांडण झाले नाही. आठ दिवसांनी दुसरी गाडी आली. मुहूर्त चुकला खरा, पण गाडी स्वच्छ मिळाली. परत येताना ती पोरगी म्हणाली, "काकू, इतके सोपे होते?" मला माझा दसरा आठवला आणि डोळ्यांत पाणी आले.

भगिनींनो, सोपे होते. बोलायला फक्त तेवढा क्षण साधावा लागतो. सही करण्याच्या आधी आपले म्हणणे ऐकून घेतात, सही केल्यावर आपल्याला अर्ज करावे लागतात. घरातली माणसे घाई करतील, दुकानदार हसेल. तरी साडीचा पदर धरून पायरीवर येणारी बाई तुमच्यांत आहे, तिला त्या दिवशी घरी ठेवून जाऊ नका.